परीटघडी

आमच्या घरात इस्त्री नव्हती, तांब्या होता. पितळी, जाड बुडाचा. वडील शाळेत कारकून. रविवारी रात्री ते चुलीतले निखारे चिमट्याने तांब्यात भरायचे, गळ्याशी फडकं गुंडाळायचे आणि घोंगडीवर पसरलेल्या पांढऱ्या शर्टावरून तो सावकाश फिरवायचे. कॉलर आणि पुढची पट्टी जमली की झालं. पाठीकडे कोण बघतंय? पँटच्या वाट्याला तांब्याही येत नसे. तिला पाण्याचा हात लावायचा, शिवणीवर शिवण आणायची, गादीखाली घालायची आणि वर आपण झोपायचं. झोपेत फार वळवळ केली की सकाळी पँटवर दोन घड्या. "साहेब मग घड्याच मोजतो, फाइल बघत नाही," असं वडील म्हणत. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः मात्र चुरगळलेल्या सदऱ्यात यायचे, बाह्या कोपरापर्यंत सरकवून. त्यांच्या घड्या कुणी मोजत नव्हतं.

बी.एस्सी. झाल्यावर मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणून लागलो. हेडक्वार्टर अकोला. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये औषधांइतकेच तास कपड्यांवर आणि वागण्यावर गेले. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलं पाहिजे, वर नाही, खाली नाही. बाह्या दुमडायच्या नाहीत. बॅग डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची नाही. डाव्या हाताला, जमिनीवर. उजवा हात मोकळा हवा, कारण व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांचं सचित्र पुस्तक, डाव्या हातात धरून उजव्या हातातल्या पेनाने दाखवायचं असतं. 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. मध्येच पेशंट आला तर उठून बाजूला व्हायचं. हे सगळं ज्या भेटीसाठी, ती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात माणूस औषध काय लक्षात ठेवणार? लक्षात राहतो तो समोरचा, नीटनेटका की गबाळा. यातला बराचसा भाग मला आजही पटतो. दुसऱ्याच्या टेबलावर आपली बॅग न ठेवणं ही काही साहेबी रीत नाही, साधी माणुसकी आहे.

पटला नाही तो टाय. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वाशीम, मंगरूळपीर असं एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) करायचं म्हणजे मोटारसायकलवर डोक्याला ओला रुमाल, टाय घडी करून खिशात. दवाखान्याच्या अलीकडे गाडी उभी करायची, आरशात बघून टाय चढवायचा, रुमालाने मान पुसायची आणि मग बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून घामाने पुन्हा भिजायचं. एरिया मॅनेजर जॉइंट वर्किंगला, म्हणजे माझ्यासोबत फिरायला, आले की त्यांची पहिली नजर बुटांवर.

या सगळ्यात माझा खरा आधार म्हणजे गांधी रोडच्या आतल्या गल्लीतला प्रेसवाला. त्याची कोळशाची इस्त्री पाच-सहा किलोंची, लाकडी मुठीची, झाकणाला खिट्टी. शर्टाची सुरुवात तो नेहमी कॉलरपासून करायचा, आणि तीही टोकांकडून मधल्या भागाकडे. मधून टोकांकडे नेली तर सुरकुती नेमकी टोकावर जमते आणि समोरच्याला तीच दिसते. मग खांद्याची दुपदरी पट्टी, मग कफ, मग बाह्या. अंग सर्वांत शेवटी. माझे शर्ट टेरिकॉटचे. जास्त तापलेल्या लोखंडाने त्यांच्यावर चकाकी येते, ती काही केल्या जात नाही. म्हणून तो आधी ओल्या फडक्यावर इस्त्री टेकवायचा आणि चुर्र आवाज ऐकून ठरवायचा. पुढे आमच्या घरी विजेची इस्त्री आली, तिच्या चकतीवर नायलॉनपासून कॉटनपर्यंत खुणा होत्या. त्याच्या कानाएवढी खात्री त्या चकतीची मला कधी वाटली नाही. तो स्वतः बनियनवर असायचा. भट्टीपुढे दुसरं काय घालणार?

त्याच्या बनियनवरून आठवलं, अकोल्यात असताना अमरावतीला जाणं-येणं असे. गाडगेबाबांची समाधी तिथली. जन्म 1876चा, शेंडगावच्या परिटाच्या घरातला, आणि अंगावर जन्मभर ठिगळांच्या चिंध्या, हातात खराटा. पिढ्यान् पिढ्या गावाचे कपडे ज्या जातीने धुतले, तिच्यातला हा माणूस. त्याच्यापुढे कडक इस्त्रीतले लोक वाकत. गांधीजींनीही 1921 मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला आणि 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी बकिंगहॅम राजवाड्यात राजाकडे चहालाही ते त्याच वेषात गेले. ही गोष्ट आपल्याला शाळेत कौतुकाने सांगतात. त्याच परिषदेला डॉ. आंबेडकर होते, सुटाबुटात. त्या सुटाची गोष्ट शाळेत तशी सांगत नाहीत. उलट, त्याबद्दल कुजकट बोलणारे मी पांढरपेशा घरांत पुष्कळ ऐकले.

मला टायने काही शिकवलं असेल, तर ते हे. गांधीजींसारख्या बॅरिस्टराला कोट उतरवता येतो, कारण तो त्याच्या अंगावर होता हे जगाला ठाऊक असतं. ज्याच्या माणसांनी काय नेसावं, कसं नेसावं हे दुसऱ्यांनी ठरवलं, त्याने कोट उतरवला तर लोक म्हणणार, बघा, मूळ पदावर आला. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब जमलेल्या बायकांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची ढब बदला, जात दाखवणारे दागिने टाका, स्वच्छ राहा, असं सांगितलं. त्या बायकांसमोर कुणी साहेब नव्हता, नोकरीही नव्हती. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत कपड्यांवर जे तासन् तास बोललं जातं, त्यात हा प्रसंग यायला हवा. 'छाप पाडा' एवढंच तिथे सांगतात. छाप पाडण्याची गरज कुणाला असते आणि कुणाला नसते, हे सांगत नाहीत.

माझ्या कामातही तेच होतं. ज्यांच्यापुढे मी टाय लावून उभा राहायचो, त्यातले निम्मे डॉक्टर हाफ शर्टात, पायात स्लिपर. लाखोंची उलाढाल करणारा आमचा स्टॉकिस्ट गादीवर लेंगा-बनियनमध्ये बसून ऑर्डर लिहायचा. चुरगळलेला कपडा ही ऐपतवाल्यांची चैन आहे. ती परवडायला आधी नाव लागतं.

आता काळ सैल झाला म्हणतात. इन्फोसिसने 2015 मध्ये रोजच्या फॉर्मल कपड्यांची सक्ती उठवली. माझा मुलगा हिंजवडीला टी-शर्टवर जातो, त्याचा साहेब हाफ पँटमध्ये मीटिंग घेतो. राज्य सरकारने मात्र डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्टला मनाई केली आणि शुक्रवारी खादी घाला म्हटलं. मला त्यात फार वावगं वाटलं नाही; दाखल्यासाठी चार खेटे घालणाऱ्या माणसाला समोरचा निदान नीट कपड्यांत दिसावा.

पण टाय गेला कुठे? तो आमच्या सोसायटीच्या गेटवर आहे. बारा तासांची ड्यूटी, पत्र्याची केबिन, एक टेबलफॅन आणि वॉचमनकाकांच्या गळ्यात एजन्सीचा तयार गाठीचा टाय, मे महिन्यातही. गाडीतून जाणारा हाफ पँटवाला त्यांच्याकडून सलाम घेतो. गणवेश धुण्याचा, इस्त्रीचा खर्च त्यांचा त्यांनीच करायचा. वकिलांना तरी बार कौन्सिलच्या नियमांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सूट आहे, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं वगळून. वॉचमनला कुठली कौन्सिल?

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगवर भांडून झालं की एवढा एक ठराव मांडा: मार्च ते जून वॉचमनच्या गणवेशात टाय नको, आणि धुलाई-इस्त्रीचे पैसे सोसायटीने द्यावेत. आमच्याकडे तो मागच्या वर्षी मंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत एकाच्याही गळ्यात टाय नव्हता.