कडबा कोण नेणार?

ज्वारीचं पीठ आता दुबईत सहज मिळतं. आमच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या दुकानातही मिळतं, आणि तुमच्यापैकी बरेच जण ते आणून भाकरी थापत असतील. भाकरी खाणाऱ्याला कडब्याशी काय देणंघेणं? मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला मात्र दाण्याइतकाच कडबा महत्त्वाचा. दुष्काळी वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्यानंच घर तरतं. मालदांडी ज्वारी (मोहोळला 1930च्या दशकात निवडलेला वाण) इतकी वर्षं टिकली, ती चवीइतकीच तिच्या कडब्यामुळेही.

मी मातीतल्या नत्रावर पीएच.डी. केली आणि सध्या इथल्या वाळूत सेंद्रिय कर्ब कसा टिकेल यावर काम करते. नावात सिलिकॉन असलं तरी आसपासच्या वाळूत चुनखडीच फार. शिकलेली मुलगी असल्यामुळे आण्णा दरवर्षी पेरणीआधी फोनवर विचारतात, "ताई, यंदा खताचं काय?" मी सांगते, ते ऐकतात. तीन वर्षांपूर्वी ऐकायला नको होतं.

त्या वर्षी मार्चच्या अवकाळी पावसात गंजी भिजली. कडबा काळा पडला, बुरशी आली. व्यापाऱ्यानं हात लावला नाही, आणि गोठ्यात उरलेली एकुलती म्हैसही तोंड लावेना. ऑगस्टमध्ये मी म्हटलं, कुट्टी करून रोटाव्हेटरनं मातीत घाला, फुकटचं खत आहे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढं म्हटलं, कडब्यातनं नत्र मिळणारच आहे, तेव्हा युरिया निम्मा करा. आण्णा एकरी एक गोणी द्यायचे, म्हणजे वीस किलोच्या आसपास नत्र. ते त्यांनी अर्ध्यावर आणलं.

आता माझी चूक सांगते, कारण ती पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातली आहे. कडब्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साठ-सत्तर भाग असतात. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र साधारण पंचवीसाला एक असं प्रमाण लागतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात, पिकाच्या तोंडातलं. पुढं ते मरतात तेव्हा परत मिळतं, पण सावकाश. ऊसवाले पाचट कुजवताना टनामागे आठ किलो युरिया टाकतात ते याचसाठी, आणि आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी उलट काढून घ्यायला सांगितलं. त्यात ऑगस्टभर पाऊस नाही, म्हणजे कुट्टी तशीच सुकी पडून होती. सप्टेंबरात सरी आल्या तेव्हा कुजायला सुरुवात झाली, आणि लगेच पेरणी.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. "पिवळी पडलीया बघ." खालची पानं टोकाकडून पिवळी होत आत येत होती. नत्राची कमतरता ओळखायला मला प्रयोगशाळेची गरज नव्हती. वरून युरिया द्या म्हणणार होते, पण तोंडातले शब्द तोंडातच राहिले. कोरडवाहू रब्बीत पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच पीक येतं. म्हणून तर सगळं खत पेरतानाच दोन चाड्याच्या पाभरीनं बियाण्याच्या खाली जातं, जिथं ओल असते. वरच्या कोरड्या मातीवर युरिया टाकून तो मुळापर्यंत न्यायला पाणी लागतं, आणि आमच्या त्या रानात विहीर नाही. इथं मी नळी उघडते आणि कुंडीत चूक धुऊन काढते. तिथं एकदा पेरलं की पेरलं.

एकरी चार पोती व्हायची, तिथं दोन झाली. आण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "ताट बारीक झालंय, बारीक कडबा जनावरं आवडीनं खात्यात, गिऱ्हाईक लगेच नेतं." ते खरंही आहे, म्हणूनच मला जास्त लागलं. पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात ज्वारी बाकी रानापेक्षा काळीशार आली. जिवाणूंनी घेतलेलं परत केलं होतं. तेही आण्णांनीच कळवलं, मी विचारायचं टाळत होते.

तेव्हापासून एक प्रश्न मी आधी विचारते. पूर्वी कडबा आमचेच बैल खायचे, शेण उकिरड्यावर, उकिरडा रानात. ट्रॅक्टर आला, बैल गेले, कडबा पेंढ्यांनी विकला जाऊ लागला. टनभर कडब्याबरोबर पाच-सहा किलो नत्र जातं आणि पालाश त्याच्या दुप्पट. काळ्या रानात पालाश भरपूर म्हणून कुणी तो टाकत नाही, फक्त काढतात. रानात राहतात ती धसकटं, आणि चुलीसाठी तीही वेचली जातात. खताच्या शिफारशीत कडबा कुणाच्या दावणीला गेला याचा रकाना नसतो. माझ्या प्रबंधातही नव्हता.

यंदाचा फोन गेल्या आठवड्यात झाला.

"खताचं काय?"

"आधी सांगा, कडबा कोण नेणार?"

"सांगोल्याचा व्यापारी. इसार देऊन गेलाय."

"मग गोणी अख्खी टाका. आणि शेणखत मिळालं तर दोन ट्रॉल्या घ्या."

"ट्रॉली कितीला पडती ठावं हाय का?" त्यांनी भाव सांगितला. मी सवयीनं मनात दिरहम केले आणि म्हटलं, पाठवते.

"थांब," आण्णा म्हणाले, "आधी कडब्याचं येऊ देत."