खेळती हवा आणि मिनेसोटाचा हिवाळा

घर चांगले कशाला म्हणावे, याविषयी मराठी मनात एक पक्की कल्पना असते आणि तिच्या केंद्रस्थानी खेळती हवा असते. समोरासमोर खिडक्या, दाराच्या वर झरोका आणि स्वयंपाकघराला मागचे दार, ही त्या कल्पनेची ठळक अंगे होत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ऑक्टोबर महिन्यात नेमकी हीच कल्पना बाजूला ठेवावी लागते, कारण 30 जानेवारी 2019 रोजी ज्या मिनिआपोलिस शहरात पारा उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, त्या प्रदेशात खेळणारी हवा ही पैशाची आणि प्रसंगी घराचीही नासाडी ठरते.

नव्याने आलेला माणूस तयारीची सुरुवात बहुधा खिडक्यांपासून करतो, कारण गारठा तिथे हाताला जाणवतो. तावदानांच्या चौकटीला पारदर्शक प्लास्टिक चिकटवून ते केस वाळवण्याच्या यंत्राने ताणून घेणे, दाराखाली रबराची पट्टी बसवणे ही कामे सोपी आणि स्वस्त आहेत व त्यांचा उपयोगही होतो. परंतु घरातील ऊब मुख्यतः वरून निसटते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, सिलिंगमधल्या फटींतून ॲटिकमध्ये, म्हणजे सिलिंग आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत शिरते, आणि तिची जागा भरण्यासाठी तळघराच्या कडेकपारींतून गार हवा आत ओढली जाते. धुराड्यासारख्या या ओढीला बांधकामशास्त्रात ‘स्टॅक इफेक्ट’ असे नाव आहे. आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील अंतर जितके वाढते तितकी ही ओढ जोर धरते, त्यामुळे वरची भोके उघडी ठेवून खालच्या खिडक्या बंद करण्यात फारसे हशील नसते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी ॲटिकमधील काचतंतूंचा गुलाबी थर उचलून पाहिला असता काही ठिकाणी त्याचा खालचा भाग काजळ धरल्यासारखा काळा पडलेला आढळला. हा काळेपणा बुरशीचा नव्हता. वर्षानुवर्षे खालून निसटणाऱ्या हवेतील धूळ त्या थरात गाळली गेली होती. त्यामुळे प्रत्येक काळ्या डागाखाली हात घातला की विजेची तार वर नेण्यासाठी पाडलेले भोक, दिव्याची खोबण किंवा सांडपाण्याच्या नळाभोवतीची पोकळी हमखास सापडत असे. ही भोके फोमने बुजवावीत आणि मगच वर नवा थर अंथरावा, हा क्रम महत्त्वाचा असूनही पुष्कळदा तो उलटा होतो, कारण जाड थर डोळ्यांना दिसतो आणि बुजवलेले भोक दिसत नाही.

ॲटिककडे झालेल्या दुर्लक्षाचा परिणाम वळचणीला दिसतो. निसटलेल्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी उतारावरून थंडगार वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठते आणि तिथे बर्फाचा बांध तयार होतो. या बांधामागे तुंबलेले पाणी छपरावरच्या आवरणाच्या फटींतून आत शिरून भिंतीत झिरपते. वळचणीला लोंबणारे बर्फाचे लांब सुळे पाहुण्यांना छायाचित्रासाठी मोहक वाटतात. घरमालकाला मात्र ते वर काहीतरी गळत असल्याचे सांगत असतात.

पाण्याच्या नळांची गोष्ट वेगळी आहे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, तथापि नळ फुटतो तो बहुधा बर्फ झालेल्या जागी नव्हे, तर बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबामुळे. म्हणूनच बागेच्या नळाचा आतला कॉक बंद करून बाहेरची तोटी उघडी ठेवायची आणि रबरी पाइप काढून टाकायचा असा नियम आहे. पाइप तसाच राहिला तर नळीत अडकलेले पाणी भिंतीच्या आत फूट पाडते, आणि ते कळते वसंतात, झाडांना पाणी घालताना तळघरात ओल आल्यावर. जमिनीतले गोठण इतके खोल जाते की राज्याच्या दक्षिण भागात पाया किमान 42 इंच, म्हणजे एक मीटरहून अधिक खोल घेण्याचा दंडक आहे.

फटी बुजल्या की ओलाव्याचा प्रश्न उभा राहतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वाफ आहे याचे प्रमाण. काचेलगतची हवा थंड झाली की हे प्रमाण शंभरावर जाते आणि पाणी सुटते. मराठी स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत तावदान धुरकट होते, इडलीपात्र उघडेपर्यंत ओघळ खाली उतरतात आणि रात्रीतून चौकटीच्या तळाशी त्यांची बर्फाची कड जमते, जी पुढे लाकूड कुजवते. हवा बाहेर फेकणारा पंखा हा यावरचा उपाय आहे. अनेक घरांत मात्र शेगडीवरचा पंखा हवा केवळ गाळून पुन्हा आतच सोडतो, आणि त्यामुळे फोडणीचा वासही हिवाळाभर मुक्कामाला राहतो. दुसरीकडे हिवाळ्यातील घरची हवा इतकी कोरडी असते की टाचा भेगाळतात, आणि म्हणून त्याच घरात वाफ सोडणारे यंत्रही चालू असते. गारठा तीव्र होईल तसे ते यंत्र कमी करत जावे लागते, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. सप्टेंबरातच आत आणलेली आणि कार्तिकात दिवाणखान्यात लग्न लागणारी तुळससुद्धा काचेला खेटून ठेवून चालत नाही, कारण काचेला टेकलेली पाने काळी पडतात.

घट्ट मिटलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन विषारी वायूचे भय अधिक असल्यामुळे, प्रत्येक शयनगृहापासून 10 फुटांच्या आत त्याची सूचना देणारे यंत्र असावे असा राज्याचा कायदा आहे. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर धुराड्यातून न जाता भिंतीतून आडव्या प्लास्टिक नळीने बाहेर पडतो. ही नळी जमिनीपासून फार उंच नसते आणि वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली ती बुजली तर भट्टी बंद पडते, त्यामुळे ऑक्टोबरातली सारी कामे उरकलेल्या घरातही प्रत्येक वादळानंतर फावडे घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत वाट काढावी लागते.