पाचूचें माहेर

आमच्या पुण्याच्या घरांत माणसें चौदा आणि पांखरूं एक. हें पांखरूं म्हणजे हिरव्या अंगाची, पिवळ्या तोंडाची, वीतभर लांबीची एक मादी. बाजारांत या जातीला ‘लव्हबर्ड’ म्हणतात, परंतु तें नांव चुकीचें आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले. ही बजरीगर, आणि तिचें मूळ घर ऑस्ट्रेलिया. आमच्या पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीनें, चिमीनें, तिच्या रंगावरून तिचें नांव ‘पाचू’ ठेविलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत या पाचूवरून घरांत दोन पक्ष पडले. चिमीनें पिंजऱ्याचें दार उघडण्याचा हट्ट धरिला. मुक्या जीवाला कोंडून ठेवण्यांत पुण्य नाहीं, असें म्हणून मातोश्रींनीं तिची बाजू घेतली. धाकटे बंधु म्हणाले, “खिडकीबाहेर कावळे वाटच पाहत आहेत.” दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें असल्यामुळें वाद मिटेना. इतक्यांत आमचें ॲडलेडला चिरंजीवांकडे जाण्याचें ठरलें. निघतांना चिमीनें बजावलें, “आजोबा, आजी, पाचूच्या माहेरीं जाऊन या. तिचीं माणसें कशीं राहतात तें पाहा, आणि मग सांगा, तिला सोडायची कीं नाहीं.” हा निवाडा सर्वांना पसंत पडला, आणि एका पांखराचे पंच होऊन आम्ही उभयतां विमानांत बसलों.

ॲडलेडच्या बागांतून रंगीबेरंगी पोपट पुष्कळ, पण रानटी बजरीगर तेथें सहसा दिसत नाहीं. तिला पाहायचें तर त्या खंडाच्या पोटांतील ओसाड मुलखांत जावें लागतें. ऑगस्टांत आपल्याकडे श्रावण असतो, तेव्हां तिकडे हिंवाळा असतो व वाळवंटांत माणसाला राहवतें. चिरंजीवांनीं आठ दिवसांची रजा काढली आणि मॅरी या गांवाहून बर्ड्सव्हिल या गांवीं जाणारा सुमारें ५१७ किलोमीटरांचा कच्चा रस्ता धरण्याचें ठरविलें. गाडींत दोन जादा चाकें, पाण्याचे डबे, इंधन, तंबू, गॅसची शेगडी आणि उपग्रहावरून चालणारा दूरध्वनि होता. सूनबाईंनीं घरीं केलेली थालीपिठाची भाजणी व मेतकूट यांना मात्र यादींत पहिला मान होता.

उत्तरेकडे जातांना प्रथम गव्हाचीं शेतें लागतात व पुढें हळूहळू तीं संपतात. १८६५ सालीं जॉर्ज गॉयडर नांवाच्या सरकारी मोजणी अधिकाऱ्यानें घोड्यावरून हा मुलूख हिंडून नकाशावर एक रेषा आंखिली. तिच्या उत्तरेस पावसाचा भरंवसा नाहीं, तेथें पेरणी करूं नये, असा त्या रेषेचा अर्थ. पुढें कांहीं वर्षें पाऊस चांगला झाला. तेव्हां लोकांनीं त्याला वेड्यांत काढून रेषेपलीकडे घरें बांधलीं, नांगर धरले. आणि १८८० नंतरच्या दुष्काळांनीं त्यांना उठविलें. त्यांच्या घरांच्या छप्पर उडालेल्या दगडी भिंती अजून माळावर उभ्या आहेत. ‘या देशांत पाऊस येतो, पण कबूल करून येत नाहीं,’ ही पहिली ओळख आम्हांला त्या भिंतींनीं करून दिली.

मॅरी हें गांव लहानसें, परंतु तेथें आम्हांला अनपेक्षित आपुलकी वाटली. १८६६ च्या सुमारास कराचीहून शंभराहून अधिक उंट व त्यांना हांकणारीं माणसें या प्रांतांत आणण्यांत आलीं. कराची त्या वेळीं आपल्याच मुंबई इलाख्यांत होती! हे उंटवाले अफगाण, बलुची, सिंधी, पंजाबी अशा नाना जातींचे. पण गोऱ्या लोकांनीं सरसकट सर्वांना ‘अफगाण’ म्हटलें. मॅरी हें त्यांचें मोठें ठाणें होतें. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृति गांवांत आज उभी आहे. १९८० पर्यंत तेथून धांवणाऱ्या रेल्वेगाडीला जें ‘घान’ हें नांव पडलें, तें त्यांच्याच नांवाचें अर्धुक. पोटासाठीं परमुलखांत आलेल्या माणसांचे तें ठाणें पाहतांना चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि आम्हीही बोललों नाहीं.

मॅरी सोडल्यावर डांबर संपतें. पुढें ती जगप्रसिद्ध कुंपणरेषा लागते. डिंगो नांवाच्या रानकुत्र्यांपासून मेंढ्या वांचविण्यासाठीं घातलेली ही जाळी सुमारें ५,६०० किलोमीटर लांब आहे. त्यापुढें माळ, आणि माळावर तांबूस गोटे. वाऱ्यानें व वाळूनें घांसून त्यांना अशी जिल्हई चढलेली असते कीं सकाळच्या उन्हांत सारें पठार ओलें असल्याचा भास होतो. पाणी मात्र कोठेंच नाहीं. कूपर क्रीक या मोठ्या नदीचें पात्र आम्हीं कोरडें ठणठणीत ओलांडलें. दूर क्वीन्सलंडांत अतिवृष्टि झाली तर हेंच पात्र कैक किलोमीटर पसरतें आणि गाड्या तराफ्यावरून पार न्याव्या लागतात, असें सांगितलें तर खोटें वाटावें!

या मुलखाचे जुने रहिवासी डियरी लोक. कोठें खणलें असतां पाणी लागतें तें त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. गोऱ्या लोकांनीं १८९० नंतरच्या दशकांत या वाटेवर खोल कूपनलिका खणल्या, तेव्हांच गुरांचे तांडे येथून सुखरूप नेतां येऊं लागले. खंडाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक प्रदेशाखालीं हा पाण्याचा गुप्त सांठा पसरला आहे. मॅरीपासून सुमारें दोनशें किलोमीटरांवर मंगेरानी नांवाचें मुक्कामाचें ठिकाण आहे. तेथें अशाच एका नळींतून कढत पाणी वर येतें आणि त्या पाण्यावर एक पाणथळ जागा झाली आहे. तेथें आम्हीं पहिला तंबू ठोकला.

पक्षी पाहण्याची हौस असणाऱ्यानें त्या पाणथळीवर एक सकाळ काढावी. बोरूच्या बेटाआड गुलाबी कानाचीं बदकें, उलट्या वळलेल्या चोंचीचे अव्होसेट, आपल्या शेकाट्याचा सख्खा भाऊ शोभेल असा लांब तांबड्या पायांचा पक्षी. आणि दूर माळावर, आपल्या सारसाचें घराणें सांगणारी, करड्या रंगाची ब्रोल्गांची जोडी. डोक्यावर घिरट्या घालणारी घार तर अगदीं आपलीच; पुण्याच्या मंडईवर हिंडते तीच ही जात. तिला पाहून आमच्यापैकीं एकानें नकळत हात जोडले. सर्व दिसलें, बजरीगर मात्र एकही दिसली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही उत्तरेकडे निघालों. तासाभरांत एका धारदार गोट्यानें मागच्या चाकाची बाजू चिरली. चाक बदलेपर्यंत वाऱ्यानें तोंडांत माती भरली. काम संपवून चिरंजीव म्हणाले, “बाबा, आतां परतूं या.” आम्हीं विचारलें, “अजून एक चाक आहे ना?” ते म्हणाले, “आहे. म्हणूनच परतायचें. एका चाकाच्या भरंवशावर पुढचे तीनशें किलोमीटर मी आईला घेऊन जाणार नाहीं.” मग त्यांनीं आम्हांला १९६३ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं डिसेंबरांत, ऐन उन्हाळ्यांत, आईबाप व तीन मुलगे असें एक कुटुंब याच रस्त्यावर वाट चुकलें. इंधन संपल्यावर तीं माणसें गाडी सोडून पाण्याच्या शोधांत निघालीं, आणि पांचही जणें तहानेनें गेलीं. गाडी सोडूं नये, हा नियम या मुलखांत अशी किंमत देऊन ठाऊक झालेला आहे.

आम्ही रुष्ट होऊन गाडींत बसलों, हें कबूल केलें पाहिजे. इतके पैसे वेंचून, इतक्या दूर येऊन चिमीला काय सांगावयाचें, हाच विचार डोक्यांत होता. मुलगा मोठा झाला आणि आपल्याला सांभाळूं लागला, हें कळावयाला आम्हांला तो सबंध दुपारचा रस्ता लागला.

तिसऱ्या प्रहरीं सूनबाईंनीं गाडी थांबवावयास सांगितलें. लाल चोंचीच्या लहान लहान पांखरांचे थवे रस्ता ओलांडून एकाच दिशेला जात होते. हीं झेब्रा फिंच. हींही आपल्या बाजारांत पिंजऱ्यांतून विकतात. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, हीं सगळीं पूर्वेकडेच जात आहेत. तिकडे पाणी असेल.” आम्हांला एकदम चार्ल्स स्टर्टची आठवण झाली. १८४४ सालीं हा गृहस्थ खंडाच्या मध्यभागीं समुद्र असला पाहिजे अशा समजुतीनें चक्क होडी गाड्यावर घालून निघाला होता. त्याच्या तर्काचा एक आधार पक्षीच होते. ते दरसाल खंडाच्या पोटाकडे उडत जातांना त्यानें पाहिले होते. समुद्र त्याला मिळाला नाहीं. गोट्यांचें वाळवंट मिळालें. पण पक्षी खोटे नव्हते. ते समुद्राकडे जात नव्हते, पावसाकडे जात होते, एवढेंच.

आमचींही पांखरें खरीं ठरलीं. अर्ध्या किलोमीटरावर एका कोरड्या ओढ्याच्या वळणांत कुलिबा वृक्षांखालीं गढूळ पाण्याचें एक डबकें उरलें होतें. तहानलेलीं जनावरें बुजूं नयेत म्हणून आम्हीं तंबू पाण्यापासून पुष्कळ दूर, रस्त्याजवळ ठोकला. रात्रीं मेतकूट-भात खाऊन, शाली पांघरून बाहेर बसलों. पुण्याहून वैशाखांत क्षितिजालगत कसाबसा दिसणारा त्रिशंकु येथें चांगला वर, ठसठशीत दिसत होता. इतकी शांतता होती कीं एकमेकांचे श्वास ऐकूं येत होते.

पहांटे उठून आम्ही चौघें झाडाच्या बुंध्याआड बसलों. ऊन वर आलें, आणि पाण्यापलीकडच्या आकाशांत एक धुराचा लोट दिसूं लागला. तो वळला आणि हिरवा झाला. पुन्हा वळला आणि पिवळा झाला. क्षणभरानें तो आमच्या डोक्यावर आला. पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा झाला आणि कुलिबाच्या वाळक्या फांद्यांना एकाएकीं पालवी फुटली! त्या पाचू होत्या. हजाराच्या आंत नसाव्यात. एकही निळी नव्हती, पांढरी नव्हती. ते रंग माणसानें पिंजऱ्यांत पैदास करून काढले आहेत. रानांत सर्व हिरव्या. त्यांचा तो चिवचिवाट आमच्या माजघरांत रोज ऐकूं येणाराच. पण घरीं एक तोंड बोलतें, येथें हजार तोंडें एकमेकांस उत्तर देत होतीं.

थवे पाण्यावर उतरत, दोन घोंट घेत आणि उठत. एवढ्यांत काळा ससाणा आला. सगळा थवा एका शरीरासारखा मुरडला. क्षणभर हिरव्या लाटेंत एक फट पडली व बुजली. ससाणा उडाला तेव्हां त्याच्या पंजांत एक हिरवी पांखर होती. सूनबाईंनीं डोळे मिटून घेतले. थवा मात्र पुन्हा पाण्यावर उतरला.

निवाडा आम्हांला त्या क्षणीं मिळाला. पाचूचें माहेर म्हणजे एखादें झाड किंवा एखादा गांव नव्हे. पाऊस जेथें पडेल तेथें, गवताचें बीं जेथें पिकेल तेथें, तो थवा जातो. जुन्या झाडांच्या ढोल्यांत चार-सहा अंडीं घालतो, पिलें उडतीं झालीं कीं पुढें निघतो. कोठें जावें हें तेथें एकट्या पांखराला ठरवावें लागत नाहीं. थवा जातो तिकडे तें जातें, आणि ससाणा आला असतां हजार डोळे राखण करितात. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं या जातीचीं पांखरें प्रथम जिवंत विलायतेस नेलीं. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांत जन्मलेल्या आमच्या पाचूला ना थवा ठाऊक, ना पाणी शोधणें, ना ससाणा. आम्ही जर दार उघडलें, तर तिला मोकळीक देणार नाहीं. फक्त आपलें मन मोकळें करून घेऊं.

घरीं परतल्यावर आम्हीं हें सर्व सांगितलें. चिमीनें विचारलें, “मग तिला तिकडेच नेऊन सोडा ना!” तेंही होत नाहीं, भारतांतून पाळीव पक्षी ऑस्ट्रेलियांत नेण्याची परवानगीच नाहीं. आपल्या देशी पोपटाला कोंडणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे, कारण त्याचें रान दाराबाहेर आहे. पाचूचें रान मात्र सात समुद्रांपलीकडे राहिलें. चिमी थोडी रडली. मातोश्री बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मग तिचें माहेर आतां आपणच.”

त्याप्रमाणें व्यवस्था झाली. मागच्या गच्चीचा एक कोपरा बारीक जाळीनें बंद करून तेथें पाचूला उडावयास पंधरा फूट जागा केली आहे. एका स्नेह्यांना त्यांची एकटी बजरीगर सांभाळणें जड जात होतें. ती सोबतीला आणिली. आणि या दोघींच्या मागें या घरांत पांखरूं विकत आणावयाचें नाहीं, असा ठराव एकमतानें झाला. चिरंजीवांना तो कळविला, तेव्हां त्यांचें उत्तर आलें, “ठीक झालें. पुढच्या खेपेला चिमीला घेऊन या. तीन जादा चाकें ठेवीन.”