हेडफोनमधली टिकटिक

‘बँडमध्ये बेस गिटार वाजवणारी श्रवणतज्ज्ञ’ म्हणून संपादकांनी लेख मागितला. दोन्ही कामं एकमेकांना पूरक ठरत असणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. माझ्या बाबतीत मात्र एका कामाने दुसऱ्यातला आनंद बरीच वर्षं नासवला.

कॉलेजात असताना रेकॉर्डिंग म्हणजे सण असायचा. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही पाचही जण एकाच खोलीत उभे राहून वाजवायचो. ड्रमचा ठोका लाकडी फळीतून पायात चढायचा. एखादा टेक जमला की तोच ऐकत रात्र सरायची. पुढे मुंबईला ऑडिओलॉजी शिकले, क्लिनिक थाटलं. रेकॉर्डिंगच्या वाट्याला रविवार उरले आणि त्या रविवारी मला गाण्याऐवजी डेसिबल ऐकू यायला लागले.

इथे थोडं तांत्रिक व्हावं लागेल. 85 डेसिबलमध्ये रोज आठ तास, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी सुरक्षित मर्यादा. त्यापुढे दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा: 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. ‘पण संगीत म्हणजे गोंगाट थोडाच?’ असं लोक विचारतात आणि मी दर वेळी नव्याने थकते. कॉक्लियातल्या केशपेशींना यमन आणि रस्ता फोडणारं ड्रिल यांतला फरक कळत नाही. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गणपतीनंतर ढोल-ताशा पथकांतली मुलं येतात, कानात शिट्टी वाजते म्हणून. ऑडिओग्राममध्ये कितीतरी जणांना 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा असतो. कानाची नळी 3000 च्या जवळपासचा आवाज आपणहून वाढवते आणि इजा त्याच्या किंचित वरच्या पट्टीत होते.

ध्वनिमुद्रकांशी माझा खरा झगडा आहे तो क्लिकवरून. सगळ्यांनी एकाच लयीत राहावं म्हणून हेडफोनमध्ये सोडलेली ती टिकटिक. तिने लय निर्जीव होते, असं वादक म्हणतात. तो वाद मला गौण वाटतो. माझा आक्षेप पातळीला आहे. स्वतःच्या सिंबल्सच्या वर ऐकू यावी म्हणून ड्रमर क्लिक चढवत नेतो. बहुतेक ठिकाणी वापरतात ती क्लिक तीक्ष्ण असते, कान सर्वांत हळवा असतो नेमक्या त्याच पट्टीत टोचणारी. गाण्यात विराम आला, ड्रम थांबले, तरी ती तितक्याच जोरात कानावर आदळत राहते. ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांनी आपल्या बहिरेपणासाठी स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनलाच दोष दिला होता. उपाय साधे आहेत: बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन, क्लिकऐवजी शेकर, विरामात ती खाली आणणं. स्टुडिओत हे सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि टेक सुरू झाला की विसरतात.

यंदाच्या उन्हाळ्यात एक तरुण ड्रमर आला. गर्दीत कोणी बोललेलं उमगत नाही, अशी तक्रार. ऑडिओग्राम स्वच्छ. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर केलेलं काम मला आठवलं. मोठ्या आवाजानंतर त्यांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या, पण पेशी आणि चेतातंतू यांमधले कित्येक सांधे कायमचे गेले. माणसात असंच घडतं का, यावर अजून एकमत नाही. त्यामुळे ‘सगळं नॉर्मल आहे’ असं त्याला सांगायला माझी जीभ रेटेना.

“मॅडम, वाजवणं सोडू का?” त्याने विचारलं.

“सोडू नकोस. आवाज उतरव.”

हे उत्तर अजून मनातून जात नाही. क्लिनिकमध्ये मी दिवसभर माणसांना कमीत कमी किती ऐकू येतं ते मोजते. बँडसोबत वाजवताना चार जण माझं किती बारकाईने ऐकतात, ते मला कळतं. त्याची ओढ मला पुन्हा लागली आहे, पूर्वीपेक्षा जास्त.

डिसेंबरात नवी गाणी करतोय, पुन्हा एकाच खोलीत. फोमचे प्लग सिंबलची चमक खातात म्हणून आमचा ड्रमर ते काढून टाकायचा. आता त्याने कानाचा साचा देऊन प्लग बनवून घेतलेत, सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच 15 डेसिबलने उतरवणारे. दुसऱ्या गाण्यात व्हायोलिन नंतर जोडायची आहेत, तेव्हा तिथे क्लिक लागेलच, असं कीबोर्डवाल्याचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. मी शेकर मागितलाय. त्याची पातळी मीटर लावून मीच ठरवणार आहे.