धान घरात आल्यावर

आमच्या थोरल्या पिढीला कंटाळा येत होता की नाही, यावर आम्हा भावंडांचं अजून एकमत नाही. एवढं मात्र साऱ्यांनाच आठवतं, की कंटाळा आला असं छपरीत बसून म्हणणाऱ्या पोरापुढे लगेच सूप सरकायचं. त्यात निवडायला लाखोरी असे, नाहीतर सोलायला चिंचा.

तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा झाला नव्हता. 1 मे 1999 पर्यंत आम्ही भंडाऱ्याचेच. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावरची, एका धानाची. रोवणीत घर रिकामं पडायचं. बायका चिखलात वाकून पऱ्हे लावायच्या, त्या दिवसांत कुणाला बोलायलाही उसंत नसे. पुढे कापणी, बांध्यांमधले पुंजणे, चुरणी. धान एकदाचं ढोलीत पडलं की पुढची रोवणी लांब असायची. या मधल्या काळाचं काय करायचं, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

जेवणं आटोपली की आजी, मोठ्याई आणि आत्या बिड्या वळायला बसत. भिजवून पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कैची, मांडीवर सूप, सुपात जर्दा. फर्म्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मोठ्याईची बोटं हे सारं न बघता करत. डोळे आणि कान मोकळे असल्यानं दुपारभर गोष्टी चालत. कोणाची सोयरीक कुठं जुळली, आमगावच्या बाजारात तांदूळ कसा गेला, नागझिऱ्याकडून आलेल्या माणसानं वाघाचं काय सांगितलं. आम्हा शाळकरी पोरांना मोठ्यानं वाचायला बसवत. वर्तमानपत्र, पोथी, वाचनालयातली कादंबरी, जे मिळेल ते. एखादा शब्द अडखळला तर आत्या, हात न थांबवता, तो दुरुस्त करायची. आमचं शुद्ध वाचन त्या छपरीत झालं, हे मी आजही अभिमानानं सांगते.

पण हे आठवताना एक गोष्ट लपवू नये. या दुपारी रिकाम्या नव्हत्या. हजारावर मजुरी मिळे, सट्टेदाराकडे माल नेला की छाट निघे आणि छाटीतल्या बिड्यांचे पैसे बुडत. 1966 साली बिडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. घरी बसून वळणाऱ्याही त्यात आल्या. तरी आजीची पाठ दुखायची ती दुखायचीच, आणि घरभर जर्द्याचा ठसका असायचा. तिच्या पिढीतल्या बायकांनी गप्पांना, गाण्यांना, ऐकण्याला वेळ मिळवला तो कष्टातूनच काढून. म्हणून मला त्यांच्या त्या वेळाची किंमत जास्त वाटते. त्याच पैशातून धाकट्या आत्याच्या कॉलेजची फी भरली गेली. ती शिकली ते कॉलेज गोंदिया शिक्षण संस्थेचं. ही संस्था उभी करणारे मनोहरभाई पटेलही बिडीच्याच व्यवसायातले.

उन्हाळा आला की दिवसाचा क्रम उलटा व्हायचा. पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानं. पानांचे पुडे बांधताना आम्हा पोरांची मोजणीची शर्यत लागे. भर दुपारी बाहेर पडायची सोय नसे, मग घरात सरगुंडे, कुरोड्या, मुगवड्या. वाळवणाची राखण करण्याच्या नावाखाली आम्ही गजगे खेळायचो, आणि माय ते बघूनही काही बोलत नसे. आबाजी ओसरीच्या खांबाला दोर अडकवून अंबाडीचं सूत वळत बसत. तान्हा पोळ्याच्या कितीतरी आधी ते बाभळीच्या लाकडाचा बैल कोरायला घेत. घाई नव्हती, बैलाचं वशिंड मनासारखं उतरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत.

पुरुषांचा खरा उत्साह मात्र मंडईत दिसायचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. त्याची तालीम महिनाभर आधीपासून कंदिलाच्या उजेडात चाले. मोठे काका दिवसा नांगर धरत आणि रात्री राजा होत. नाटकातली वाक्यं ते बांधावर म्हणत, आणि तण काढणाऱ्या बायका पुढचं वाक्य आठवून देत. मोठ्याईला साऱ्या पात्रांचं पाठ होतं. ती स्टेजवर कधी चढली नाही. तिला चढता आलं असतं तर काय झालं असतं, असं मला फार वेळा वाटतं.

मोठ्याई आता थकली आहे. बोटं वळत नाहीत, पण संवाद विसरलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही साऱ्या बहिणींनी तिच्यापुढे फोन धरून ते बोलून घ्यायला सुरुवात केली. दोन नाटकं झाली. तिसऱ्यातल्या राणीचा एक प्रवेश अर्धा राहिलाय. यंदा भाऊबीजेला गावी गेलो की तो पुरा करायचा.