फाइल पुढे जाते, स्टाइल थांबते

बरीच वर्षं माझं ठाम मत होतं की कीबोर्डवर साथ करायची तर गाण्याची अख्खी मिडी फाइल लावावी. स्टाइल, म्हणजे डाव्या हातातल्या कॉर्डप्रमाणे कीबोर्ड आपोआप वाजवतो तो साथीचा तुकडा, ही शिकाऊ हातांसाठी. फाइलमध्ये गाण्याचं सगळं असतं: बासरीचा पीस, व्हायोलिनचे भराव, शेवटची तिहाई. स्टाइलमध्ये काय, चार आवर्तनांचा तुकडा फिरत राहणार!

आज मी तसं मानत नाही. हे मत गायकांनी बदललं. भावगीत गाणारा माणूस ओळ आवडली की पुन्हा घेतो, तिच्यात वेगळी जागा घेतो, दाद मिळाली तर तिसऱ्यांदाही घेतो. फाइल तोवर अंतऱ्याकडे निघालेली असते. स्टाइल मात्र डाव्या हातातला कॉर्ड बदलेपर्यंत त्याच सुरावर ठेका धरून राहते. मला साथ म्हणून हेच हवं होतं.

मग मी फाइलींमधून स्टाइल काढायला लागलो. यामाहाची स्टाइल आतून मिडी फाइलच असते. फक्त तिच्यासोबत एक तक्ता असतो, कॉर्ड बदलला की कोणत्या ट्रॅकने कसं सरकायचं ते सांगणारा. तिच्यात आठ चॅनेल असतात, क्रमांक 9 ते 16. पहिले दोन तालाचे, 11वर बास, पुढे कॉर्ड, पॅड, फ्रेज. गाण्यातला असा भाग शोधायचा जिथे वाद्यं चालीच्या मागे धावत नाहीत. तो सहसा सी मेजर सेव्हन्थवर आणायचा आणि कॉर्डबाहेरचे स्वर गाळायचे. हे गाळणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तेवढी जागा गायकाला मोकळी होते.

अवघड असतो तो तबला. तो गायकाच्या षड्जाला मिळवलेला. कॉर्ड सीचा एफ झाला म्हणून तबला वर चढत नाही. तबल्याचा आवाज सुरेल वाद्याच्या ट्रॅकवर ठेवला असेल, तर त्या तक्त्यात त्याचं सरकणं बंद करावंच लागतं. पट्टी काळी एकची काळी चार झाली, की ट्रान्स्पोझने तो हवा तेवढा चढतो. आणि केरव्याच्या मात्रा क्वांटाइझ करून रेषेत बसवू नयेत. त्या किंचित मागेपुढे पडतात त्यातच त्याचा डौल आहे.

समूहनृत्याला मात्र मी आजही अख्खी फाइलच लावतो. तिथे पावलं मोजून बसवलेली असतात.