मागची जागा

दुकानदाराला चाळीस साड्या उलगडायला लावून शेवटी “पुन्हा येऊ” म्हणत उठणाऱ्या बायकांना आम्ही पुरुष फार हसतो. मीही हसत आलो आहे. परंतु गेल्या श्रावणात मी स्वतः साताऱ्याच्या एका मोटारसायकलींच्या दुकानात गेलो, चार गाड्या बाहेर काढायला लावल्या, चारींवरून एकेक फेरी मारली आणि “पुन्हा येतो” म्हणून उठलो. तेव्हापासून साड्यांच्या बाबतीत माझे तोंड बंद झाले आहे.

गाडी घेण्याचे कारण साधे होते. दादा गेल्यावर त्यांची जुनी बुलेट पाच वर्षे मी चालवली. आता ती माझ्या दारापेक्षा मिस्त्रीच्या दारातच अधिक दिसते. आणि आईला दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. आईचे वय ७२. रिक्षात तिचा जीव घुसमटतो. मोटारसायकलच्या मागे, एका बाजूला पाय सोडून बसायची तिला जन्माची सवय.

दुकानात समोर आलेला तरुण हसून म्हणाला, “सर, ओळखलंत का? दहावी ब. मागचा बाक.” मी एकेकाळी ज्या बारकाईने त्याची वही तपासत असे, त्याच बारकाईने त्याने माझा परवाना तपासला, एक हेल्मेट माझ्या हाती दिले, एक स्वतः घातले, आणि प्रमेय सिद्ध करावे तशी माहिती सांगू लागला. हंटर, मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट. चारींचे एंजिन एकाच घडणीचे, ३४९ सीसीचे. म्हणजे एका आईची चार लेकरे, अंगावरचे कपडे तेवढे निराळे! हंटरचे वजन १८१ किलो, बुलेटचे १९५. मीटिऑरची बैठक जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, बुलेटची ८०५. बुलेट हे नाव घराण्यात सर्वांत जुने. १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली ती याच गाडीची जोडणी करण्यासाठी.

त्याला पाठीमागे बसवून मी निघालो. पहिल्याच वळणावर फजिती झाली. दादांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. या नव्या गाड्यांत सारेच उलटे. माझ्या डोक्याला हे ठाऊक होते. पायाला कोणी सांगितले नव्हते. ब्रेक म्हणून मी डावा पाय दाबला, गाडी खालच्या गिअरमध्ये पडून गुरगुरली, हिसका बसला, आणि मागच्या हेल्मेटने माझ्या हेल्मेटला टक्कर दिली.

“सॉरी सर,” तो मुलगा म्हणाला. चूक माझी, आणि क्षमा तो मागत होता! मला एकदम वाटले, या जागी आई असती तर?

मग उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत मी त्याला एकच विचारत राहिलो, “मागे कसं वाटतंय रे?”

शेवटी तो म्हणाला, “सर, रोज दहा माणसांच्या मागं बसतो मी. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

खरे सांगायचे तर मीही कधी विचारले नव्हते. वास्तविक मोटारवाहनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठीच आहे. त्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय टेकायला फूटरेस्ट हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मे चाक तरी झाकलेले हवे. आपले साडी गार्ड ते हेच. सरकारला जे सुचले, ते घरच्या माणसाला सुचू नये!

पुढच्या रविवारी मी आईलाच घेऊन गेलो. त्या मुलाने गाड्या मधल्या स्टँडवर उभ्या केल्या. तीन गाड्यांवर बसून ती काही न बोलता उतरली. चौथी बुलेट. आईने बैठकीवरून हात फिरवला. “ही सलग आहे. पिशवी मधे ठेवता येईल,” ती म्हणाली.

आमच्या घरात एक विनोद पिढीजात चालत आलेला आहे. मी दोन-तीन वर्षांचा असताना दादा आईला घेऊन बाजाराला निघाले. ओढ्याच्या वळणावर गाडी उसळली आणि आई खाली पडली. दादांना पत्ताच नाही! ते बोलत बोलत मैलभर पुढे गेले, आणि चावडीपाशी थांबून म्हणाले, “उतर आता.” मागे कोणीच नव्हते. दिवाळीच्या फराळाला हा विनोद दरवर्षी होतो, आणि आईही हसते.

त्या मुलाला मी तोच विनोद सांगू लागलो. आई गाडीवर बसूनच ऐकत होती. मग म्हणाली, “कोपर फुटलं होतं माझं. रस्त्याच्या कडेला बसून राहिले. वाटलं, यांना ध्यानातच आलं नाही तर? ते परत आले ते हसतच. मग मीही हसले. दुसरं काय करणार?”

मी गप्प झालो.

“तोवर सासू-सासऱ्यांची लाज वाटून मी त्यांना धरतच नव्हते,” ती पुढे म्हणाली. “त्या दिवसापासून खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हात निघाला तर त्यांना कळेल तरी.”

दादांच्या खांद्यावरचा आईचा तो हात लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही भावंडे त्याला प्रेम समजत आलो. प्रेम असेलही, पण हात ठेवला होता तो त्यासाठी नव्हे.

बुलेट घेतली. पण आईला लगेच बसवले नाही. आठ दिवस शाळेच्या मैदानावर सकाळी डाव्या पायाला गिरवायला बसवले. मुले भिंतीवर बसून पाहत होती. नवव्या दिवशी आई मागे बसली आणि माझ्या खांद्यावर तिचा हात पडला. ओढ्याच्या वळणावर मी गाडी अगदी हळू केली.

“आई, आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली. “पुढं बघ.”